दार उचलून लावा

“दार उचलून लावा मिस्त्री. नुसतं ढकलून नाही लागत ते,” जयसिंग म्हणाला.

मी ऐकतोय होय! तीस वर्षं गाड्यांची दारं लावत आलो होतो, आता एका दाराकडून शिकायचं राहिलं होतं का माझं? दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा गंजाचा चुरा डोक्यावर पडला आणि दार आपलं लोंबकळत राहिलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“मारू नका तिला. सरका बाजूला.”

पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. सत्तरीच्या पुढचा माणूस. काठी त्यांनी चाकाला टेकवली, न चाचपता दाराच्या कडेला हात घातला, बोटभर वर उचललं आणि आत लोटलं. खट्. लागलं. मग काठी घ्यायला हात खाली नेला तर काठी घसरून पडली होती, आणि ते हवेतच हात फिरवत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांना दिसत नाही.

हे आबा. यशवंत बावळेकर, जयसिंगचे वडील. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले होते. आम्ही उभे होतो ते पाचगणीत, त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि दार होतं चौपन्न सालच्या फार्गो पिकअपचं. एकतीस वर्षं आबांनी ती चालवली. वाठार स्टेशनावर उतरणाऱ्या बोर्डिंगच्या पोरांच्या ट्रंका आणि गाद्या पसरणीचा घाट चढवून पाचगणीच्या शाळांत पोचवायच्या, सुट्टी लागली की परत खाली न्यायच्या. पुढं पोरं गाड्यांतून यायला लागली, धंदा बसला, आणि पिकअप शेडमध्ये गेली ती वीस वर्षं तिथंच होती.

मी पोपट लोहार. वाईत माझं गॅरेज. नाव पोपट आणि तोंडही तसंच, हे आमची मंडळी सांगते, मी नाही. पण जुनी गाडी उभी करावी तर पोपट मिस्त्रीनं, असं तेव्हा साताऱ्यापर्यंत बोललं जायचं. मला ते ठाऊक होतं. तिथंच घोडं पेंड खात होतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

जयसिंगनं मला बाजूला घेतलं. हॉटेलवाला माणूस, पंचेचाळिशीचा, बोलणं हळू.

“आबांना एकदा वाठारला जायचंय. त्यांच्या गाडीतून. स्टेशनात चहा प्यायचा आणि परत यायचं, बस. डॉक्टर म्हणतात हृदय निम्मंच चालतंय. घाटात गाडी बंद पडली, धक्के बसले, असं काही व्हायला नको. तेवढं बघा.”

“जयसिंगराव, पोटातलं पाणी हलणार नाही,” मी म्हटलं.

जॉबकार्ड काढलं आणि आबांपाशी गेलो. गाडीची तक्रार मालकालाच विचारायची, ही माझी पद्धत. आबा तोवर आत जाऊन स्टेअरिंगवर बसले होते. मला म्हणाले, “या, बसा. सांगतो तिचं सगळं.”

आणि सांगायला लागले. दार उचलून लावायचं, ते तर झालंच. सेकंड गेर सुटतो, घाटात डावा गुडघा दांडीला टेकवून धरायचा. स्टार्टरचं बटण पायाशी आहे, ते एकदा दाबायचं, थांबायचं, मग परत दाबायचं. पहिल्यांदा ती नुसती जागी होते. स्टेअरिंग चार बोटं मोकळं फिरतं, त्यावर रागवायचं नाही. ब्रेक दोनदा मारायचा. सीटची एक स्प्रिंग वर आलीय, तिथं पोतं दुमडून ठेवायचं. काच खाली पडते, तिला लाकडाची पाचर. हॉर्न आधी खोकतो, मग वाजतो. बॉनेटला हुक नाही, दोरी. पायाखालच्या पत्र्याला भोक पडलंय, तिथून इंजिनाची ऊब येते.

“थंडीत लई बरं वाटतं,” आबा म्हणाले. “आणि हा गोळा बघा.”

गिअरच्या दांडीला वर लिंबाएवढा पितळी गोळा होता. मूळचा फुटला तेव्हा बोर्डिंगच्या मेट्रनबाईंनी मोडक्या लोखंडी खाटेचा काढून दिलेला. एका बाजूला खोल खाच. आबांचा अंगठा बोलता बोलता त्या खाचेतच होता.

“ह्यो निसटतो. घाटात हातात येतो कधीकधी,” म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी भराभरा लिहून घेतलं. अकरा कलमं झाली. पेनाचा आवाज ऐकून आबा थांबले.

“लिहून घेताय होय?”

“सगळं, आबा. एकही सुटणार नाही.”

“मग घ्या, घ्या,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. वीस वर्षांत त्या गाडीबद्दल कुणी त्यांना एवढं विचारलं नसावं.

निघताना त्यांनी माझा दंड धरला. जयसिंग तोवर पिकअप वाईला ओढून न्यायची गाडी बघायला पुढं गेला होता.

“मिस्त्री, माझं पोरगं गुणाचं हाय. खोटं बोलत न्हाई. पर एकदा बोललं. माझी फटफटी व्हती. डोळं गेल्यावर त्यानं ती इकली आणि मला सांगितलं, गॅरेजला टाकलीय, पार्ट यायचाय. आठ महिनं पार्ट येतच व्हता. मग एक दिवस बाजारात बसलो व्हतो, तर समोरनं गेली माझी फटफटी. आवाजावरनं वळखली. मी पोराला काय बोललो न्हाई. त्याला वाटलं आसंल, आंधळा बाप फटफटीपाशी जाऊन रडत बसंल. चांगल्यासाठीच केलं त्यानं. पर तवापासनं त्यानं ताटात काय वाढलंय ते सांगितलं तरी मी हातानं बघतो.”

मी पेनाचं टोपण लावलं.

“ही बी आता गॅरेजला निघाली,” आबा म्हणाले. “हितनं जाती ती हीच परत यायला पायजे. दुसरी आणून हुबी केली तर मी काय करणार? हात ठिवा बॉनेटवर आणि सांगा.”

मी हात ठेवला. “हीच येणार आबा. शब्द.”

“लिवा ते बी कार्डावर.”

मी हसत हसत लिहिलं. बारावं कलम. हीच परत येणार.

*

गाडी वाईला आणून उघडली आणि मी डोक्याला हात लावला. इंजिन वीस वर्षांत आवळून दगड झालेलं. सुटे भाग कुठं मिळणार, मुंबईच्या बाजारातही नाही. कॅबची जमीन चाळणी. दारांचे खालचे पत्रे बोटानं दाबले तर बोट आरपार. खरं सांगतो, इंजिन बोअर करून, चार ठिकाणी हातानं पार्ट बनवून ते चालू करता आलं असतं. वर्ष गेलं असतं. धूर सोडत, खोकत का होईना, ती वाठारला जाऊन आली असती. पण मला ते नको होतं. मला अशी गाडी करायची होती की साताऱ्यात लोकांनी थांबून बघावी. जीपचं डिझेल इंजिन टाकायचं, पाच गिअरचा गिअरबॉक्स, पॉवर स्टेअरिंग, पुढं डिस्क ब्रेक. वरून चौपन्न सालची, आतून आजची.

जयसिंग आला तेव्हा मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ त्या जुन्या इंजिनाकडं बघत राहिला.

“बदलायलाच पाहिजे का, मिस्त्री?”

“घाटात बंद पडलेली चालेल तुम्हाला? आबांना छातीत कळ आली तर?”

मी त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मुद्दामच ठेवलं.

“आणि आवाज?” तो म्हणाला. “आबांना आवाज ओळखू येईल ना?”

“आवाजाचं काय घेऊन बसलात! म्हातारा माणूस, गाडीत बसल्यावर आनंदानं वेडा होईल. बघा तुम्ही.”

जयसिंगनं मान हलवली. त्याला गाड्यांतलं कळत नव्हतं, मला कळत होतं, आणि आमच्या धंद्यात ज्याला कळतं त्याचंच चालतं.

मग आठ महिने मी आणि अस्लम पेंटर त्या गाडीला भिडलो. जयसिंगनं अस्लमकडं एकोणीसशे एकसष्टचा एक फोटो दिला होता, आबा पिकअपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे. जुन्या रंगाचा खपला काढून त्यानं हिरवा जुळवला. दारावर पांढऱ्या अक्षरांत ‘बावळेकर, पाचगणी–वाठार’ लिहिलं, ब्रशनं, अक्षराची वळणं फोटोत होती तशीच. फोटो आणि गाडी शेजारी धरली तर कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. दारांचे पत्रे नवे ठोकले, बिजागऱ्या नव्या, सीट फोमची. बॉनेटही नवीन घडवलं, हातोडीनं, सतरा दिवस लागले. जुनं बॉनेट आतून गंजानं खाल्लेलं होतं. त्याच्यावर हात ठेवून मी शब्द दिला होता, हे ते भंगाराच्या ढिगात टाकताना माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कार्ड भिंतीला टांगलेलं होतं. एकेक काम झालं की बरोबरची खूण. दार, झालं. सेकंड गेर, झालं. पायाखालचं भोक, झालं. पितळी गोळ्याचे आटे नव्या दांडीला जुळेनात, म्हणून तो काढून भंगारात टाकला. निसटतो अशी तक्रारच होती, तीही मिटली.

दर रविवारी आबांचा फोन यायचा. जयसिंग नंबर लावून द्यायचा.

“मिस्त्री, कशी हाय?”

“मजेत हाय आबा. तुमची आठवण काढतीया.”

ते हसायचे. पाचव्या महिन्यात एका रविवारी म्हणाले, “जरा हॉर्न वाजवा की तिचा. ऐकू द्या.”

गाडी तेव्हा म्हणजे नुसता सांगाडा होता. हॉर्न कुठल्या डब्यात पडला होता देवाला ठाऊक. “आबा, सगळं खोललंय, महिन्याभरानं ऐकवतो,” एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण म्हाताऱ्याला कशाला हिरमुसलं करा, असं मला वाटलं. शेजारी एक जीप कामाला आली होती. फोन तिच्यापाशी नेला आणि दोनदा हॉर्न दाबला.

पलीकडून फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेल्याची खसखस ऐकू आली.

“खोकली न्हाई,” आबा म्हणाले.

“दुरुस्त केलाय ना आबा! कार्डावर लिहून घेतलं होतं मी.”

“हं,” आबा म्हणाले. नंतर त्यांनी कधी हॉर्न मागितला नाही. मीही ते विसरून गेलो.

*

गाडी नेली त्या दिवशी सकाळी मी कार्डावरची शेवटची खूण केली. अस्लमला शेजारी बसवलं आणि पसरणीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. हाताची दोन बोटं स्टेअरिंगला पुरत होती. वळणावर एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून बघत राहिला, आणि मी काय सांगू, माझी छाती वीतभर फुगली.

बावळेकरांच्या दारात गल्ली जमली होती. झेंडूची माळ तयार, नारळ तयार, चाकाखाली ठेवायला लिंबं तयार. गाडी वळवून आणली तशी एक म्हातारी बाई तोंडावर पदर धरून म्हणाली, “अगं बया, तशीच! अगदी तशीच गं!” दोघंतिघं फोटो काढायला लागले. जयसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसता हलवला.

आबा पायरीवर उभे होते. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, टोपी नवी. खिशात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं, नंतर कळलं, स्टेशनातल्या चहाला सुटे पैसे.

“आली?” ते म्हणाले.

“आली आबा, ही काय समोर,” जयसिंग म्हणाला.

“आवाज न्हाई आला.”

“इंजिन गप चालतं आता आबा,” मी पुढं होऊन म्हटलं. “नवी नवरी आहे, बोलत नाही.” सगळे हसले.

जयसिंगनं त्यांना दारापर्यंत आणलं. आबांनी कडेला हात घातला, दार उघडलं आणि आत चढून बसले. मग ओणवून दार धरलं, बोटभर उचललं आणि आत ओढलं. दार उचलण्यासारखं जड राहिलं नव्हतं. ते सपकन आलं आणि एवढ्या जोरात आपटलं की आबा दचकले.

मी बाहेरून खिडकीतून बघत होतो. आबांचा हात सीटवरून फिरला. पोतं शोधत होता. उजवा पाय जमिनीवर पुढंमागं सरकला, बटण सापडेना. डावा हात गिअरच्या दांडीवर गेला, तिथं रबराचा गुळगुळीत नवा गोळा. अंगठा त्याच्याभोवती एकदा फिरला. पुन्हा एकदा फिरला.

मी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन लगेच चालू झालं. आबांनी डोकं एका बाजूला कलतं केलं आणि ऐकलं. नाकानं एकदोनदा वास घेतला.

“ब्येस गाडी हाय,” आबा म्हणाले. “कुणाची?”

जयसिंग हसला. त्याला ती चेष्टाच वाटली. “आपलीच आबा! आपली फार्गो!”

आबांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“जयसिंग, फटफटीच्या वक्ताला मी काय बोललो न्हवतो.”

“आबा, आईची शपथ, ही तीच —”

“तिची शपथ घालू नगो रं. ती न्हाई आता.”

गल्लीतले लोक एकदम बोलायला लागले. आबा, रंग तोच आहे! आबा, नाव तसंच लिहिलंय, अक्षर न् अक्षर! आबा, फोटोतली गाडी बघा! बघा म्हणे. आंधळ्या माणसाला. आठ महिने आम्ही सगळ्यांनी डोळ्यांसाठी गाडी केली होती, आणि ज्याच्यासाठी केली त्याला तेवढेच नव्हते. मला तिथं, त्या गर्दीत, नारळ हातात घेऊन उभा असताना हे कळलं.

जयसिंगनं त्यांना खाली उतरवलं, चाकापाशी वाकवलं, त्यांची बोटं गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, चासीवर ठोकलेल्या नंबरावर नेली. “हा नंबर बघा आबा, हा तर बदलत नाही!” पण मीच गंज धरू नये म्हणून त्यावर डांबरासारखा जाड थर मारला होता. बोटांना काही लागेना.

“नंबर काय, कुणीबी ठोकतं,” आबा म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. पायऱ्या मोजत आत गेले आणि दार लोटून घेतलं. वाठार राहिलं.

नारळ कुणी फोडलाच नाही.

*

मी तसाच दुसऱ्याची मोटरसायकल मागून घाट उतरलो. डोक्यात एकच, जुनं काहीतरी सापडलं पाहिजे. आबांच्या हाताला कळेल असं काहीतरी. वाईच्या भंगारवाल्याकडं पोचलो. इंजिन पंधरा दिवसांपूर्वीच वितळायला गेलं होतं. दारं गेली होती. बॉनेट दाबून त्याचा ठोकळा झाला होता.

“एक पितळी गोळा होता,” मी म्हटलं. “लिंबाएवढा. खाच होती त्याला.”

“हा का?” त्याच्या टेबलावर पावत्या उडू नयेत म्हणून ठेवला होता. मी तो छातीशी धरला तसा भंगारवाला माझ्याकडं बघत राहिला.

परत पाचगणीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आबा खाटेवर पाय सोडून बसले होते. जेवले नव्हते. जयसिंग उंबऱ्यात उभा. मी खाली बसलो आणि गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

बोटं मिटली. अंगठा फिरला आणि खाचेत जाऊन बसला. आणि आबांचा चेहरा उजळला, अगदी त्या पहिल्या दिवशीसारखा. “आरं, माझा गोळा!” म्हणाले. “माझाच हाय ह्यो!”

मी जयसिंगकडं बघितलं. सुटलो, असं मला वाटलं. एवढं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

“कुठं सापडला?” आबांनी विचारलं.

“भंगारात आबा. आत्ताच जाऊन आणला.”

अंगठा थांबला.

“मंग बाकीची कुठं हाय?”

मी जमिनीकडं बघितलं.

“इंजिन?”

“ते आवळलं होतं आबा. भंगारात दिलं.”

“गेरबॉक्स?”

“तोही.”

“दारं? सीट?”

“नवी केली. चांगली केली आबा, अगदी —”

“आणि बॉनेट? ज्याच्यावर हात ठिवला व्हता, ते?”

“गंजलं होतं,” मी म्हटलं.

आबांनी मान डोलावली. “म्हंजे मोडली तिला. मोडून इकली. आणि ती भाईर हुबी हाय ती दुसरी.”

“नाही हो आबा! चासी तीच आहे! छप्पर तेच आहे, मागचा हौदा तोच आहे! तुम्हीच सांगितलं होतं ना सगळं? दार लागत नाही, गिअर सुटतो, मी लिहून घेतलं होतं, एकेक दुरुस्त केलं —”

“तक्रार न्हवती ती, मिस्त्री,” आबा म्हणाले. “मी तुम्हाला तिची वळख करून देत व्हतो.”

त्यांनी गोळा दुसऱ्या हातात घेतला.

“हॉर्न बी दुसऱ्याच गाडीचा वाजवला व्हता न्हवं?”

खोटं बोलता आलं असतं. त्याच क्षणी नाही म्हटलं असतं तर कदाचित निम्मं तरी वाचलं असतं, असं वाटतं कधीकधी. पण त्या हातातल्या गोळ्याकडं बघून मला नाही बोलता आलं. “हो,” म्हटलं.

जयसिंगला हे माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

आबांनी हात पुढं केला, हवेत, आणि म्हणाले, “जयसिंग, हितं ये.” तो जवळ गेला. आबांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “रडू नगो. भाड्यानं आणली आसंल तर परत दिऊन टाक. म्हाताऱ्यासाठी येवढा खटाटोप कशाला करायचा? तुझा जीव हाय माझ्यावर, ते कळतंय मला. पर खोटं बोलू नगो रं. मला दिसत न्हाई. तू सांगशील तेच खरं धरावं लागतं.”

जयसिंग त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. त्यानं आयुष्यात त्या दिवसाइतकं खरं कधी सांगितलं नसेल, आणि त्याच दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. मी तिथून उठलो ते कुणाला न सांगता बाहेर आलो.

*

आबा बावीस दिवसांनी गेले. मधल्या काळात मी दोनदा गेलो, पाया पडलो, सांगितलं की चूक माझी आहे, पोराची नाही, गाडी खरंच तीच आहे. दोन्ही वेळा म्हणाले, “बरं.” चहा पाजला. मागाहून जयसिंगला म्हणाले, “मिस्त्री चांगला मानूस हाय. तुझ्याच बाजूनं बोलतो.” गोळा उशाखाली होता. सरणावर ठेवताना जयसिंगनं तो त्यांच्या मुठीत दिला.

वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस जयसिंग गाडी घेऊन माझ्या दारात आला.

“हे दार बिघडवून द्या, मिस्त्री,” म्हणाला. “उचलून लावायला लागायचं, तसं.”

मी कशाला म्हणून विचारलं नाही. तीन दिवस खपलो. पिन घासून सैल केली, बिजागरी वाकवली, कडेला पत्र्याची पट्टी मारून वजन वाढवलं. दार लोंबायला लागलं, पण एकदा उचलावं लागे, एकदा नाही. घासून घासून एकतीस वर्षांत आलेली ती खोड होती. मला फक्त काढता आली होती, घालता येईना.

जयसिंग आला. आत बसला. दार धरलं, बोटभर उचललं, लावलं. लागलं. उघडलं. ह्या वेळी न उचलता नुसतंच ओढलं. तरी लागलं.

“राहू द्या, मिस्त्री,” म्हणाला आणि गेला.

ह्याला आता सतरा वर्षं होतील. जुन्या गाडीचा मालक काही सांगायला लागला की मी आता पेन खिशातून काढत नाही. नुसता ऐकतो आणि मग विचारतो, ह्यातलं काय ठेवायचं? लोकांना वाटतं, मिस्त्री म्हातारा झाला.

ते कार्ड मी टाकलेलं नाही. टेबलाच्या खणात आहे. अकरा कलमं, अकरा खुणा. खाली बारावं कलम, माझ्याच अक्षरात. हीच परत येणार. त्याच्यापुढंही बरोबरची खूण आहे, त्या दिवशी सकाळी मीच केलेली.